मुलांच्या मनाचे चिकित्सक : लाइटनर विटमर

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली होती. मानसशास्त्रात एम. ए. करून ती आता एका रुग्णालयाच्या बाल व किशोर विभागात प्रशिक्षण घेत आहे. यालाच इंटर्नशिप म्हणतात. आम्हांला वाटले होते की ती मोठमोठे ग्रंथ वाचण्यात गढलेली असेल. पण पहिले काही आठवडे तिने वरिष्ठांच्या शेजारी बसून नुसती मुले पाहिली, आईवडिलांकडून हकीकत लिहून घेतली, आणि तिने लिहिलेले कागद वरिष्ठांनी खुणा करकरून परत दिले. मूल खोलीत आले तेव्हा आईचा हात धरून आले की एकटे आले, हे का लिहिले नाही, असे तिला विचारले गेले. ती हसत हसत सांगत होती, पण आम्ही शिक्षक मंडळी जरा गप्प झालो. आमच्यापैकी कितीजण वर्गात येणाऱ्या मुलाकडे असे पाहतात?

ती गेल्यावर शिक्षक-कक्षात विषय निघाला की ही पद्धत कोणी सुरू केली असेल. त्याचे उत्तर म्हणून या अंकातील चरित्र लाइटनर विटमर यांचे देत आहोत. आम्ही बी. ए. ला हिंदीतून मनोविज्ञान शिकलो. पुस्तकात वुंटच्या प्रयोगशाळेवर दोन पाने होती आणि विटमर यांच्यावर एक ओळ. ती ओळ आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. शाळा चालवता चालवता त्यांच्याविषयी अधिक वाचले, तेव्हा कळले की हा माणूस आधी शाळामास्तर होता.

विटमर यांचा जन्म २८ जून १८६७ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी झाला. वडील औषधांचे व्यापारी होते. घरात शिक्षणाला मान होता. १८८८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पदवी घेऊन ते शहरातील रग्बी अकॅडमी या मुलांच्या शाळेत इतिहास व इंग्रजी शिकवू लागले. तेथे त्यांच्या हाती एक विद्यार्थी आला. त्याला महाविद्यालयात जायचे होते, पण भाषेत तो फार मागे होता. इतर शिक्षकांनी केले असते तसे विटमर यांनीही आधी त्याच्याकडून जास्त अभ्यास करून घेतला. त्याने काही होईना. मग बारकाईने पाहता त्यांच्या ध्यानात आले की त्या मुलाला काही उच्चारांतला फरक नीट उमगत नाही, आणि शब्दांच्या शेवटचे ध्वनी त्याच्या कानातून व म्हणून लेखणीतूनही निसटतात. तेव्हा त्यांनी निबंध बाजूला ठेवून उच्चारापासून सुरुवात केली. ही गोष्ट त्यांच्या मनात पुढे अनेक वर्षे राहिली.

त्या काळी मानसशास्त्र हे प्रयोगशाळेचे शास्त्र होते. दिवा लागला की बटन दाबायचे आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजायचे, असे त्याचे स्वरूप. विटमर यांचे गुरू जेम्स मॅकीन कॅटेल हे अशाच मोजमापात निष्णात होते. त्यांच्याच वाटेने विटमर जर्मनीत लायप्झिगला वुंट यांच्याकडे गेले आणि १८९२ मध्ये तेथील अभ्यास पुरा केला. प्रबंधाचा विषय होता आकृतींची प्रमाणे आणि त्यांचे सौंदर्य. आयत किती लांब व किती रुंद असला म्हणजे डोळ्यांना बरा वाटतो, असा तो विचार. विषय गुरूंच्या पसंतीचा होता, विटमर यांना दुसरेच काही करायचे होते. परत येऊन त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेतली. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

आता मुख्य प्रसंग. विद्यापीठात शहरातील शाळाशिक्षकांसाठी वर्ग चालत आणि विटमर तेथे शिकवीत. त्या वर्गात मार्गारेट मॅग्वायर नावाच्या एक शिक्षिका बसत. मार्च १८९६ मध्ये त्यांनी आपल्या शाळेतील चौदा वर्षांचा एक मुलगा विटमर यांच्याकडे आणला. विटमर यांनी आपल्या लेखात त्याचे नाव चार्ल्स गिलमन असे ठेवले आहे. ते त्याचे खरे नाव नव्हे. मुलगा हुशार होता, पण त्याला शब्दलेखन काही केल्या येत नव्हते. साधे साधे शब्द तो उलटसुलट लिही. मॅग्वायर बाईंचा प्रश्न सरळ होता. तुम्ही आम्हांला मनाचे शास्त्र शिकवता, तर या मुलाचे काय करायचे ते सांगा.

विटमर यांनी ग्रंथ चाळले. शब्दलेखन न येण्याची कारणे आणि त्यावरचे उपाय यांविषयी त्यांच्या शास्त्रात काहीच लिहिलेले त्यांना सापडले नाही. दुसरा कोणी प्राध्यापक असता तर हा आपला विषय नव्हे असे सांगून मोकळा झाला असता. विटमर यांना मात्र असे वाटले की जे शास्त्र एका शिक्षिकेला एका अडलेल्या मुलाच्या बाबतीत मदत करू शकत नाही, त्याची किंमत ती काय. त्यांनी मुलाला तपासायला घेतले. पहिली गोष्ट सापडली ती डोळ्यांत. मुलाला एकाच्या दोन प्रतिमा दिसत होत्या आणि इतक्या वर्षांत कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. नेत्रवैद्यांकडून चष्मा करून घेतला. पण चष्म्याने सगळे सुटले नाही. शब्दाचे चित्रच मुलाच्या मनात टिकत नव्हते. मग त्याला शब्द शब्द म्हणून ओळखायला शिकवणे सुरू झाले, आणि ते महिनोन्‌महिने चालले. त्याच्या वाचनात सुधारणा झाली. लेखन मात्र पूर्ण सुधारले नाही. १९०७ मध्ये, ऐन तारुण्यात, तो मुलगा क्षयाने वारला. त्याच वर्षी विटमर यांनी त्याची हकीकत छापली, आणि त्यात आपले यश आहे त्याहून मोठे करून दाखवले नाही.

येथे आम्हांला एक कबुली द्यावी लागेल. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, आम्ही एका मुलाच्या प्रगतिपत्रकावर आळशी असा शेरा मारला होता. फळ्यावरचे उतरवून घेत नाही, शेजाऱ्याच्या वहीत पाहतो, ही आमची तक्रार. सहा महिन्यांनी त्याच्या मामाने त्याला चष्मा करून दिला आणि तो भराभर उतरवून घेऊ लागला. प्रगतिपत्रकावरचा शेरा तसाच राहिला. शाईने लिहिला होता.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. ती हिंदीच्या तासाला कवि, वस्तु, गुरु असे ऱ्हस्व लिहायला शिकतात, आणि पुढच्या तासाला मराठीच्या बाई त्याच शब्दांना लाल रेघ मारून कवी, वस्तू, गुरू असे दीर्घ करून देतात. आता ज्या मुलाच्या मनात शब्दाचे चित्र मुळातच टिकत नाही, त्याची अडचण या गोंधळात कशी ओळखायची? सगळेच चुकतात म्हणून तोही चुकतो, असे आपण धरून चालतो. २००७ च्या 'तारे जमीं पर' या चित्रपटानंतर पालकांना डिस्लेक्सिया हा शब्द माहीत झाला हे चांगलेच, पण शब्द माहीत होणे आणि मूल ओळखू येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

असो. गिलमनच्या पाठोपाठ विटमर यांच्याकडे आणखी मुले येऊ लागली आणि १८९६ सालीच विद्यापीठात त्यांचे मानसशास्त्रीय चिकित्सालय उभे राहिले. जगातील हे अशा प्रकारचे पहिले चिकित्सालय मानले जाते. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन येथे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची सभा भरली. तेथे विटमर यांनी आपली योजना मांडली. मुलांची तपासणी व्हावी, त्यांच्यासाठी उपचाराची शाळा असावी, शिक्षकांना व डॉक्टरांना तेथे प्रत्यक्ष काम शिकायला मिळावे, आणि शाळांत व रुग्णालयांत काम करणारे मनाचे तज्ज्ञ तयार व्हावेत, ज्यांचा हाच व्यवसाय असेल. सभेतील ज्येष्ठांनी भुवया उंचावल्या, यापलीकडे काही घडले नाही. शास्त्रज्ञाने दवाखाना काढावा ही कल्पनाच त्यांना रुचली नसावी.

विटमर यांनी वाट पाहिली नाही. १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी विद्यापीठात चार आठवड्यांचा वर्ग घेतला. व्याख्याने होतीच, पण त्याबरोबर मुले समोर आणून तपासली जात, आणि शिकणाऱ्यांना स्वतः हाताने काम करायला मिळे. आमच्या विद्यार्थिनीच्या इंटर्नशिपचे बीज आम्हांला येथे दिसते. इंटर्न हा शब्द वैद्यकातून आला. रुग्णालयात राहून शिकणारा नवा डॉक्टर तो इंटर्न. क्लिनिकल हा शब्दही विटमर यांनी वैद्यकातूनच उचलला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत पलंग या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणजे रोग्याच्या पलंगाशेजारी बसून शिकणे. विटमर यांच्या मुलांना पलंगाची गरज नव्हती, पण शेजारी बसण्याची होती. (हिंदीत याला नैदानिक मनोविज्ञान म्हणतात, मराठीत चिकित्सालयीन मानसशास्त्र. दोन्ही नावे तोंडात नीट बसत नाहीत हे खरे.)

मध्येच १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध झाले, तेव्हा हे प्राध्यापक महाशय फिलाडेल्फियाच्या घोडदळात सामील होऊन प्वेर्तो रिकोला जाऊन आले. १९०४ मध्ये एमा रेप्लियर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०७ मध्ये त्यांनी चिकित्सालयाचे मासिक काढले आणि पहिल्याच अंकातील लेखात या नव्या शास्त्राचे नामकरण केले. १९०९ मध्ये विद्यापीठाने चिकित्सालयाला अधिक जागा व पैसा दिला. म्हणजे मधली तेरा वर्षे काम बेताच्या साधनांवर चालले होते.

चिकित्सालयात काम कसे चाले हे पाहण्यासारखे आहे. मूल बहुधा शाळेच्या सांगण्यावरून येई. आधी त्याची वैद्यकीय तपासणी होई : डोळे, कान, दात, आणि नाकामागे वाढणाऱ्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी, ज्यांमुळे मूल तोंडाने श्वास घेते, नीट झोपत नाही आणि वर्गात पेंगते. समाजसेविका घरी जाऊन परिस्थिती पाहून येई. मग मानसशास्त्रज्ञाची पाळी. त्याच्या टेबलावर एक लाकडी फळी असे. तिच्यात चौकोन, गोल, तारा, त्रिकोण अशा आकारांच्या खोबणी आणि त्यांत बसणारे ठोकळे. ठोकळे काढून ढीग करायचा आणि मुलाला ते परत बसवायला सांगायचे. किती सेकंद लागले हे तर पाहतच. पण विटमर यांचा भर दुसरीकडे होता. मूल आधी पाहते की आधी हात घालते? तारा चौकोनात बसत नाही म्हटल्यावर तो दाबत बसते की उचलून दुसरीकडे नेते? आणि हेच काम दुसऱ्यांदा दिले तर पहिल्यापेक्षा बरे करते का? पहिल्या खेपेपेक्षा ही दुसरी खेप त्यांना महत्त्वाची वाटे, कारण मूल शिकते की नाही हे तेथे दिसते.

म्हणूनच पुढे बुद्धिगुणांकाची लाट आली तेव्हा विटमर तिच्यात वाहून गेले नाहीत. एका आकड्यावरून मुलाची परीक्षा होते हे त्यांना पटेना. मुलाला शिकवून पाहिल्याशिवाय त्याला काय येऊ शकते हे कळत नाही, आणि शिकवणे हाच तपासणीचा भाग आहे, असे त्यांचे मत होते. शिकाऊ मंडळींनाही ते असेच तयार करीत. मागे पडलेल्या मुलांचे खास वर्ग ते उन्हाळ्यात भरवीत आणि शिक्षक तेथे बसून पाहत व शिकत. अशा वर्गाच्या अनुभवावरचे पुस्तक त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले. मागे पडलेला या शब्दाचा त्यांचा अर्थ लक्षात घ्यावा. जे मूल आपल्या कुवतीपेक्षा मागे आहे ते मागे पडलेले. मग कारण डोळे असोत, उपासमार असो किंवा वाईट शिकवणे असो.

त्यांच्या शाळेतील एका मुलाची हकीकत प्रसिद्ध आहे. लेखात त्याचे नाव डॉन. तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा त्याला आणले. बोलणे नाही, माणसांकडे पाहणे नाही. हातातल्या एका पत्त्याकडे तो तासन्‌तास पाहत राही आणि तो काढून घेतला की किंचाळे. आधी विटमर त्याला घ्यायलाच तयार नव्हते. पण घेतला, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर काही वर्षे मेहनत केली. हाताने काम करणे, बोलणे, मग वाचणे आणि लिहिणे. सातव्या वर्षापर्यंत तो शाळेचा अभ्यास करू लागला. लहानपणीच्या आजारातून बसलेल्या भीतीमुळे मुलाची वाढ खुंटली, असे विटमर यांचे निदान होते. आज ती वर्णने वाचून जाणकारांना ऑटिझमची आठवण होते. त्या निदानाचे नावही तेव्हा नव्हते. लिओ कॅनर यांचा लेख आला तो १९४३ मध्ये. निदान चुकले असेल, पण मुलासमोर रोज बसणे चुकले नाही, असे आम्हांला वाटते. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ही निवासी शाळा विटमर यांची खासगी होती आणि तेथे शुल्क देऊ शकणाऱ्या घरांचीच मुले राहत. सरकारी शाळेतील गिलमनसारखा मुलगा तेथे राहू शकला असता का, हा प्रश्न पडतो.

स्वभावाने विटमर गोड नव्हते. १९०८-०९ च्या सुमारास त्यांनी आपल्या मासिकात विल्यम जेम्स यांच्यासारख्या मानाच्या विद्वानावर कडक टीका केली आणि अनेकांना दुखावले. पण हाच तापटपणा १९१५ मध्ये वेगळ्या रूपात दिसला. स्कॉट निअरिंग नावाच्या अर्थशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाला त्यांच्या विद्यापीठाने काढून टाकले. बालमजुरीविरुद्ध ते बोलत आणि ते धनिक विश्वस्तांना खटकत होते. निअरिंग यांची मते विटमर यांना पटत होती असे नाही. तरी त्यांनी त्यांच्या बाजूने आख्खे पुस्तक लिहिले, आपल्या नोकरीची पर्वा न करता.

ही शिकण्याची पद्धत मात्र त्यांच्या एकट्याच्या हाती राहिली नाही. न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथील शाळेत हेन्री गॉडार्ड यांनी १९०८ पासून विद्यार्थ्यांना शिकाऊ म्हणून ठेवून घेतले. मुलांसोबत राहून मानसशास्त्र शिकण्याची ही पहिली रीतसर इंटर्नशिप म्हणून सांगितली जाते. १९०९ मध्ये शिकागोत विल्यम हीली यांनी बाल न्यायालयात येणाऱ्या मुलांसाठी संस्था काढली आणि किशोरवयीन मुले या शास्त्राच्या कक्षेत आली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, कोलोरॅडोतील बोल्डर येथे परिषद भरली आणि एक वर्षाची इंटर्नशिप केल्याशिवाय कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होऊ नये असे ठरले. विटमर तेव्हा हयात होते, पण या साऱ्यापासून दूर गेले होते. नव्या मंडळींत त्यांचे नाव फारसे निघत नसे.

आपल्याकडे मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी विटमर निवृत्त झाले. चिकित्सालयीन मानसशास्त्राचे रीतसर प्रशिक्षण भारतात १९५५ मध्ये बंगळुरूला सुरू झाले. आज निमहॅन्स म्हणून प्रसिद्ध असलेली ती संस्था. त्यानंतर वर्षभराने, १९ जुलै १९५६ रोजी, पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर येथे विटमर यांचे निधन झाले. ते एकोणनव्वद वर्षांचे होते. त्यांचे चिकित्सालय १९६१ मध्ये बंद झाले.

आमची विद्यार्थिनी परत जाण्यापूर्वी पुन्हा एकदा शाळेत आली होती. ठोकळ्यांच्या त्या फळीविषयी आम्ही तिला विचारले. ती लगेच म्हणाली की तशीच फळी त्यांच्या विभागात रोज वापरात आहे. सेगाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जाते, दहा ठोकळ्यांची. विटमर यांची फळीही त्याच घराण्यातली. मार्चनंतर तिला सुट्टी मिळेल, तेव्हा शनिवारच्या शिक्षक-बैठकीत तिने आम्हांला मुलाशेजारी बसून कसे पाहायचे ते दाखवावे, असे आम्ही तिला सांगितले आहे. पहिल्या रांगेत आम्ही स्वतः बसणार आहोत.